कडुनिंबाची काडी आणि दातांची कीड

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या भाषेत 'दात किडला' असे म्हणतात. या दोन शब्दांत एक जुनी समजूत दडलेली आहे. दातात कीड शिरते, ती दात पोखरते आणि ती बाहेर काढली की दुखणे थांबते, अशी ती समजूत. गावोगावच्या आठवडी बाजारात या समजुतीवर पोट भरणारे वैदू असत. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, त्यांचा धूर नळीतून रोग्याच्या तोंडात सोडायचा आणि नंतर पाण्यात पडलेले पांढरे बारीक कण दाखवून 'ही पाहा कीड' असे सांगायचे. ते कण बियांच्याच पोटातील अंकुर असत. रोग्याला घटकाभर बरे वाटे, दात मात्र पोखरला जातच असे. ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. प्राचीन बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दातातील किड्याची कथा कोरलेली आहे.

गंमत अशी की, या समजुतीत अर्धे सत्य होते. दात किडतो तो सजीवांमुळेच, पण ते सजीव डोळ्यांना दिसत नाहीत. आणि त्यांच्याशी झुंजण्यासाठी वनस्पतींचा उपयोग होऊ शकतो, हेही खरे आहे, फक्त तो धुराने होत नाही. वनस्पतींमधील कोणती द्रव्ये या जिवाणूंना आवर घालतात, कशी घालतात, त्यांच्यावर किती विसंबावे आणि कोठे थांबावे, या चार प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे दोन अब्ज लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत आणि सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात. भारतात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, तर बारा वर्षे वयाच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती. पस्तीस ते चव्वेचाळीस या वयोगटात हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले होते. जे मूल दाढ दुखते म्हणून रात्र रात्र झोपत नाही, त्याचे दुसऱ्या दिवशी शाळेत लक्ष कसे लागणार? जे धड चावू शकत नाही, ते काय खाणार आणि त्याचे पोषण कसे होणार?

शत्रूची ओळख

कोणत्याही लढाईत प्रथम शत्रू ओळखावा लागतो. दातांच्या बाबतीत ही ओळख पटायला एकोणिसावे शतक संपत आले. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिनमध्ये काम करताना १८९० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंडातील सूक्ष्मजीव अन्नातील पिष्ट व साखर आंबवून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताचे खनिज विरघळवते, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे १९२४ साली लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा काढला. त्याचे आकार बदलताना दिसत, म्हणून त्याला 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' असे नाव दिले. त्यानंतर हा शोध जवळजवळ विस्मृतीत गेला. १९५४ साली अमेरिकेत ऑरलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साखरयुक्त आहार दिला, पण त्यांचे दात किडले नाहीत. १९६० साली पॉल कीज यांनी हॅमस्टर प्राण्यांवर प्रयोग करून दाखवून दिले की, ही कीड एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित होते. त्यानंतर विस्मरणात गेलेला क्लार्कचा जिवाणू पुन्हा मुख्य संशयित म्हणून उभा राहिला.

एकट्या या जिवाणूवर सारा दोष टाकणे आजच्या विज्ञानाला मान्य नाही. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू नांदतात, त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात आणि काही तर रखवालदाराचे काम करतात. त्यांच्यातील तोल ढळला की कीड सुरू होते. तरीही या बिघाडात म्यूटन्सचा वाटा मोठा आहे, कारण त्याच्या अंगी तीन गुण एकत्र आहेत. साखर मिळताच तो झपाट्याने आम्ल तयार करतो. त्या आम्लात इतर जिवाणू नामोहरम होतात, हा मात्र तग धरतो. आणि तिसरा गुण सर्वांत घातक आहे : उसाच्या साखरेपासून तो स्वतःच्या वस्तीसाठी डिंक बनवतो. ग्लुकोसिलट्रान्स्फरेज नावाची विकरे त्याच्याजवळ असतात. ती साखरेचा रेणू तोडतात, त्यातील ग्लुकोजचे घटक एकापुढे एक जोडतात आणि ग्लुकान नावाचा चिवट, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार करतात. या डिंकाने जिवाणू दातांना आणि एकमेकांना घट्ट चिकटतात. सकाळी जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर जाणवतो, तीच ही वसाहत. दंतवैद्य तिला प्लाक म्हणतात.

या थराखाली आम्ल साचते. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापावर आकडा सुमारे ५.५ च्या खाली उतरला की, दातावरचे एनॅमलचे कवच खनिज गमावू लागते. खाणे थांबले की लाळ आपले काम करते. ती आम्ल निवळवते आणि गमावलेले खनिज परत बसवते. म्हणजे दाताचा नाश आणि दुरुस्ती दिवसभर आळीपाळीने चालूच असते. आपण वरचेवर गोड खात राहिलो, तर दुरुस्तीला उसंत मिळत नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ पासून झालेल्या प्रयोगांनी हेच सिद्ध केले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट मिठाईने दात कितीतरी अधिक किडले. हे प्रयोग मनोरुग्णालयातील असहाय माणसांवर त्यांच्या संमतीविना केले गेले होते, हा विज्ञानाच्या इतिहासावरील डागही येथे नोंदवला पाहिजे.

साखर हीही एका वनस्पतीचेच द्रव्य आहे, हे येथे लक्षात ठेवावे. जगातील अनेक भाषांनी साखरेसाठी जो शब्द स्वीकारला, तो संस्कृतातील 'शर्करा' या शब्दावरून फारसी आणि अरबीच्या वाटेने गेलेला आहे. तेव्हा 'वनस्पतीचे म्हणजे निर्धोक' हे समीकरण पहिल्याच पायरीवर कोसळते.

चवीतून झालेली निवड

आता आपल्या परंपरेकडे वळू. दिनचर्येत दंतधावनाला आयुर्वेदाने महत्त्वाचे स्थान दिले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातवणाची काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या अग्राएवढी जाड, सरळ आणि गाठ नसलेली असावी, असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी चवीनुसार झाडांचा क्रमही लावला आहे. कडू काड्यांमध्ये निंब श्रेष्ठ, तुरट काड्यांमध्ये खैर, तिखटांमध्ये करंज आणि गोड काड्यांमध्ये मोह. चरकाने करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन आणि असणा यांची नावे घेतली आहेत. दंतधावन कोणी करू नये, याचीही यादी या ग्रंथांत आहे. त्याशिवाय कवल आणि गंडूष, म्हणजे औषधी द्रव खुळखुळवणे किंवा तोंडात धरून ठेवणे, हे उपचार आहेत.

या ग्रंथकारांना जिवाणू ठाऊक होते, असा दावा करण्याची काही गरज नाही. तसा दावा करून त्यांचे मोठेपण वाढतही नाही. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांच्याजवळ होती ती जीभ, पिढ्यान्पिढ्यांचे निरीक्षण आणि निरीक्षणाची काटेकोर मांडणी. आश्चर्य याचे वाटते की, चवीवरून त्यांनी केलेली निवड रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरीच अर्थपूर्ण ठरते. तुरटपणा ही चव नेमकी कशाची? वनस्पतींतील टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतील प्रथिनांना घट्ट बिलगतात, त्यामुळे लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखे होते. हिरडा चघळताना किंवा कच्चे केळे चाखताना हाच अनुभव येतो. म्यूटन्सची डिंक बनवणारी विकरे ही देखील प्रथिनेच आहेत. जे द्रव्य लाळेच्या प्रथिनांना जखडते, ते या विकरांनाही जखडू शकते. काताचे प्रमुख द्रव्य असलेले कॅटेचिन खैराच्या लाकडात असते, तर कडुनिंबाच्या सालीत टॅनिन वर्गातील द्रव्ये असतात.

काडी जिवाणूला मारत नाही

हा केवळ तर्क राहिला नाही. १९९६ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वोलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या काडीचा पाण्यात काढलेला अर्क तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंवर तपासला. त्यांचा पहिला निष्कर्ष निराश करणारा वाटेल. दर मिलिलिटरला ३२० मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणापर्यंत अर्क घालूनही जिवाणूंची वाढ थांबली नाही. म्हणजे काडीने जिवाणू मेले नाहीत. पण पुढचे निष्कर्ष अधिक मोलाचे होते. दातावर सर्वप्रथम वस्ती करणाऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकसला हा अर्क लावला, तेव्हा दाताच्या खनिजासारख्या पृष्ठभागाला चिकटण्याची त्याची क्षमता लक्षणीय घटली. न विरघळणाऱ्या ग्लुकानचे उत्पादन मंदावले. आणि सुटे जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले. असे पुंजके लाळेबरोबर सहज वाहून जाऊ शकतात.

थोडक्यात, काडी शत्रूची हत्या करत नाही, त्याला पाय रोवू देत नाही. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. दंतवैद्यकात जिवाणू मारण्यासाठी क्लोरहेक्सिडीन हे प्रमाणभूत औषध मानले जाते. ते प्रभावी आहे, पण दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते आणि रखवालदार जिवाणूही शत्रूबरोबर मारले जातात. जे औषध सर्वांना सरसकट मारते, त्याला पुरून उरणारे जिवाणू तयार होण्याचा धोकाही असतो. म्हणून जिवाणूंना जिवंत ठेवून त्यांचा उपद्रव तेवढा काढून घ्यावा, या दिशेने जगभरचे संशोधक गेली काही दशके काम करत आहेत. वनस्पतींची द्रव्ये त्यांना मोलाची वाटतात ती यामुळेच.

या यादीतील काही नावे आपल्या स्वयंपाकघरातीलच आहेत. चहाच्या पानातील कॅटेचिन वर्गाची द्रव्ये ग्लुकान बनवणाऱ्या विकरांना अडवतात, शिवाय लाळेतील पिष्ट फोडणाऱ्या विकरालाही आळा घालतात. चहाचे झाड जमिनीतून फ्लोराइडही शोषून घेते. अर्थात दोन चमचे साखर घातलेल्या चहाला या गुणांचा आधार घेता येणार नाही. जायफळातील मॅसेलिग्नान हे द्रव्य कोरियातील संशोधकांनी २००६ साली वेगळे काढून तपासले. दर मिलिलिटरला ३.९ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात त्याने म्यूटन्सची वाढ रोखली. कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांत सावलीला वाढणारे हे झाड दंतविज्ञानाच्याही कामी येऊ शकते. ज्येष्ठमधाच्या चिनी जातीच्या मुळातून २००६ सालीच ग्लायसिऱ्हायझॉल ए हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि त्यापासून साखर नसलेली काडीची गोळी बनवून ती मुलांना देण्याचे प्रयोगही अमेरिकेत झाले. मधमाश्या झाडांच्या राळेपासून जो प्रोपोलिस बनवतात, त्यातील दोन द्रव्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एपिजेनिन विकरांना अडवते, तर फार्नेसॉल जिवाणूच्या पटलावर आघात करते.

लवंगेतील युजेनॉल तर आधुनिक दंतवैद्यांच्या कपाटात केव्हाच पोहोचले आहे. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून केलेले त्याचे मिश्रण तात्पुरते सिमेंट म्हणून आजही वापरतात. पीलूच्या मुळातील बेंझिल आयसोथायोसायनेट हे द्रव्य २०११ साली स्वीडनमधील संशोधकांनी तपासले. ते ज्या ग्रॅम-निगेटिव्ह गटाच्या जिवाणूंवर विशेष प्रभावी ठरले, त्या गटातील काही जिवाणू हिरड्यांचे आजार निर्माण करतात. म्यूटन्स त्या गटात मोडत नाही. एखादी काडी 'दातांना चांगली' असे म्हणताना ती किडीवर चांगली की हिरड्यांना, हा भेद सांभाळणे आवश्यक आहे.

फिनलंडमधील माता

प्रयोगशाळेतून माणसाच्या तोंडापर्यंत यशस्वीपणे पोहोचलेले वनस्पतिजन्य द्रव्य सांगायचे, तर झायलिटॉलचे उदाहरण द्यावे लागते. बर्च झाडाच्या लाकडात, मक्याच्या बुरकुंडात आणि उसाच्या चिपाडातही झायलन नावाचा पदार्थ असतो. त्यापासून ही गोड चवीची भुकटी करता येते. तिच्या रेणूत पाच कार्बन असतात आणि म्यूटन्सला तिच्यापासून आम्ल करता येत नाही. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७२ ते १९७४ या काळात शंभरावर माणसांनी दोन वर्षे आहारात साखर, फळशर्करा आणि झायलिटॉल यांपैकी एकेक गोडवा वापरला. झायलिटॉल वापरणाऱ्या गटात नवी कीड साखर वापरणाऱ्यांच्या तुलनेत ८५ टक्क्यांहून अधिक कमी आढळली.

त्याहून बोलका प्रयोग मातांवर झाला. म्यूटन्सचे मूलस्थान बहुधा आईची लाळ असते. घास फुंकून भरवणे, बाळाचा चमचा स्वतःच्या तोंडात घालून पाहणे, अशा मायेच्या कृतींतून हा जिवाणू बाळाच्या तोंडी लागतो. फिनलंडमधील ज्या मातांच्या लाळेत म्यूटन्सचे प्रमाण जास्त होते, त्यांच्यापैकी काहींना बाळ तीन महिन्यांचे झाल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत झायलिटॉलचे च्युइंगगम चघळायला दिले. इतर मातांच्या दातांना ठरावीक काळाने फ्लोराइड किंवा क्लोरहेक्सिडीनचा लेप दिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांच्या वयात झायलिटॉल गटातील मुलांच्या दातांची कीड इतर गटांच्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. मुलांना काहीच दिलेले नव्हते. आईचे तोंड निरोगी झाले आणि त्याचा लाभ बाळाला मिळाला. घरातील एका माणसाचे आरोग्य हे सबंध कुटुंबाचे भांडवल कसे असते, याचे हे उत्तम प्रात्यक्षिक आहे.

एवढे यश मिळालेल्या या द्रव्याबाबतही वैद्यक सावध आहे. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. झायलिटॉल व फ्लोराइड असलेली टूथपेस्ट नुसत्या फ्लोराइडपेक्षा मुलांमधील कीड सुमारे १३ टक्क्यांनी अधिक कमी करू शकते, पण हा पुरावा कमी दर्जाचा आहे आणि झायलिटॉलच्या इतर उत्पादनांबाबत पुरावा अपुरा आहे, असा निर्वाळा त्या आढाव्याने दिला. विज्ञानाची शिस्त ती हीच. आवडत्या गोष्टीचीही परीक्षा तितक्याच कठोरपणे घ्यावी लागते.

अभिमानाला पुराव्याची जोड

कडुनिंबाच्या बाबतीत हीच शिस्त पाळायला हवी. काचेच्या नळीत जिवाणू तासन्तास अर्कात बुडालेला असतो, तोंडात मात्र तो अर्क काही मिनिटांत लाळेबरोबर वाहून जातो. नळीत सुटे जिवाणू असतात, दातावर ते डिंकाच्या तटबंदीत बसलेले असतात. एका झाडाच्या काडीत द्रव्य जितके असेल तितकेच दुसऱ्या झाडाच्या काडीत असेलच, असे नाही. ऋतू, माती, काडीचे वय या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून प्रयोगशाळेतील प्रत्येक आशादायक निष्कर्षानंतर माणसांवर दीर्घकाळ चाललेल्या, नीट आखलेल्या चाचण्या लागतात. किडीच्या बाबतीत अशा चाचण्या वर्षानुवर्षे चालवाव्या लागतात, कारण दात एका रात्रीत किडत नाही. आपल्याकडे त्रिफळा किंवा निंबाच्या गुळण्यांवर काही अभ्यास झाले आहेत आणि प्लाक कमी करण्यात त्यांचे निकाल उत्साहवर्धक आहेत. पण प्लाक कमी होणे आणि कीड थांबणे यांत अंतर आहे.

पुराव्याचे बळ काय असते, हे आपल्या देशाने एकदा अनुभवले आहे. हळदीच्या जखमा भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील दाखले सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक तेलावर युरोपात १९९४ साली मिळालेले पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. या लढाया घोषणांनी जिंकल्या गेल्या नाहीत. त्या कागदांनी, तारखांनी आणि साक्षींनी जिंकल्या. ज्ञान आपले आहे हे सिद्ध करण्यासाठी जी शिस्त लागली, तीच शिस्त ते ज्ञान खरे आहे हे सिद्ध करण्यासाठीही लागणार आहे. 'आमच्या पूर्वजांना सारे माहीत होते' एवढे म्हणून थांबणारा समाज पूर्वजांचा वारसा पुढे नेत नाही. पूर्वजांनी निरीक्षण केले, वर्गीकरण केले, निषेधही सांगितले. वारसा पुढे न्यायचा म्हणजे हे सारे त्यांच्या पुढच्या पायरीवर नेऊन करायचे.

या सावधगिरीची आणखी एक, अधिक तातडीची बाजू आहे. महाराष्ट्रात असंख्य घरांतील स्त्रिया दात घासण्यासाठी मिश्री वापरत आल्या आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूही वनस्पतीच, तिच्यातील निकोटीनही निसर्गदत्तच. पण ते म्यूटन्सच्या वसाहतीला पोषक ठरते, असे प्रयोगशाळेत २०१२ साली दिसून आले आहे. तोंडाच्या कर्करोगाबद्दल तर वेगळे सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरातील मुलगी, सून किंवा शेजारीणच पोहोचू शकते. सुपारीचेही तसेच. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक ठरवली आहे. विड्यातील कात तुरट असला, तरी त्याच्या जोडीला आलेली सुपारी आणि तंबाखू त्याचे सारे पुण्य धुऊन टाकतात.

घरात काय करावे

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? सर्वांत भक्कम पुरावा आज फ्लोराइडयुक्त टूथपेस्टच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडची कायदेशीर मर्यादा १००० पीपीएम आहे. अशा पेस्टने दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता दात घासावेत. झोपेत लाळ कमी पाझरते, त्यामुळे रात्रीची दुरुस्ती अपुरी पडते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती गिळू देऊ नये. ज्या गावांच्या पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि लोकांच्या दातांवर व हाडांवर त्याचे परिणाम दिसतात, तेथे दंतवैद्याच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा.

ज्यांना दातवण करायचे आहे, त्यांनी ते अवश्य करावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जेथे प्रथा आहे तेथे अशा काड्यांच्या वापराला अनुकूलता दाखवली आहे. काडी ताजी असावी, तिचे टोक चावून मऊ कुंचल्यासारखे करावे, हिरड्यांवर जोर देऊ नये, एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये. काडी दातांच्या दर्शनी भागावर सहज फिरते, मागच्या दाढांच्या आतील बाजूस ती पोहोचत नाही, आणि कीड बहुधा तेथेच लागते. म्हणून काडी ही पेस्टची सोबती ठरावी, तिची जागा घेणारी नव्हे. लवंगेचे तेल दाढ दुखताना आराम देते, पण ते निर्भेळ लावल्यास तोंडाची त्वचा पोळते. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्याने गंभीर विषबाधा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. औषधी गुण आणि विषारी गुण बहुधा एकाच द्रव्यात नांदतात, त्यांच्यातील सीमा मात्रेने ठरते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे साखरेला वेळेचे बंधन घालणे. संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक मुक्त शर्करेतून यावेत. सण-समारंभाला पुरणपोळी खाण्यास कोणाची हरकत नाही. गोड जेवणाबरोबर खावे, मग लाळेला तिचे काम करू द्यावे. बिस्किटे, गोळ्या आणि बाटलीबंद गोड पेये यांची दिवसभर चालणारी वर्दळ थांबवली, तर म्यूटन्सची अर्धी रसद तुटते. बाळाला दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात ठेवून झोपवणे तर कटाक्षाने टाळावे.

ज्यांच्याजवळ थोडा वेळ आणि सेवेची वृत्ती आहे, त्यांच्यासाठी येथे काम उभे आहे. वनवासी पाड्यांवरील वसतिगृहे, वस्त्यांमधील अभ्यासिका, बालवाड्या येथे महिन्यातून एकदा मुलांच्या दातांकडे पाहावे, प्रत्येकाजवळ स्वतःचा ब्रश आहे की नाही हे विचारावे, रात्री दात घासण्याची सवय लागेपर्यंत पाठपुरावा करावा. मुलांच्या आयांना जवळ बसवून मिश्रीबद्दल बोलावे. यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. आणि वैद्यक, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी खैर, करंज, निंब, जायफळ यांची काटेकोर परीक्षा घेण्याचे काम हाती घ्यावे. निकाल अनुकूल आला तर तो जगासमोर मांडावा, प्रतिकूल आला तर तोही लपवू नये.

सुश्रुताने काडीची लांबी, जाडी आणि चव सांगितली. तिच्यातील द्रव्याचे प्रमाण, त्याची मात्रा आणि त्याचा मुलांच्या दातांवर वर्षानुवर्षे होणारा परिणाम सांगण्याचे काम आपल्या पिढ्यांसाठी शिल्लक आहे. ते होईपर्यंत आजच्या रात्रीपुरते एवढेच करावे : घरातील सर्वांत लहान मुलाला आरशासमोर उभे करावे आणि झोपण्यापूर्वी त्याचे दात त्याच्याबरोबर उभे राहून घासून घ्यावेत.